‘ले’च्या जागी ‘ला’

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो जावयाचा आहेर म्हणून. आहेर सासऱ्याने जावयाला करायचा असतो. थोरल्या ताईच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या भाऊजींनी, ही रीत उलटी केली. पुण्यातल्या त्यांच्या कंपनीने मोडीत काढलेलं एक यंत्र त्यांनी सतरंजीत गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या टपावरून आणलं, आणि पुढची कित्येक वर्षं त्या उपकाराची आठवण ते न चुकता करून देत राहिले. भाऊजी ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहेत असं बाबा गावभर सांगत. सॉफ्टवेअरमध्ये ते नेमके कुठे आहेत हे मला फार उशिरा कळलं. त्या कंपनीतल्या खुर्च्या, पंखे आणि पिण्याच्या पाण्याचे जार यांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कामात कमीपणा काहीच नाही. खुर्ची नसेल तर सॉफ्टवेअर लिहिणारा बसणार कुठे? पण आमच्या ओसरीवर पाय पसरून बसलेले भाऊजी जेव्हा “आमच्या फील्डमध्ये” अशी सुरुवात करत, तेव्हा ते जारविषयी बोलत नसत.

मधल्या खोलीत, बुद्धांच्या तसबिरीखाली, जिथे ज्वारीची पोती रचलेली असत, तिथे टेबल लागलं. पोती ओसरीवर गेली आणि पंधरा दिवसांत उंदरांनी दोन फोडली. आई त्या यंत्राला तेव्हापासून ‘तो’ म्हणायला लागली. “त्याच्यासाठी माह्यी ज्वारी भाईर गेली,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायची, जणू घरात सवतच आणून बसवली आहे. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते आणि त्यांना यंत्रापेक्षा जावयाचा धाक जास्त होता. त्यांनी नियम केला: हात धुतल्याशिवाय बटणांना शिवायचं नाही, तंबाखू तोंडात असताना पडद्यासमोर बोलायचं नाही, आणि दुपारी कुणी आलंच तर झाकण काढून फक्त दाखवायचं, सुरू करायचं नाही. सुरू करायची सोयही नव्हती. वीज दिवसातून किती तास असेल हे गावात कुणी सांगू शकत नव्हतं. वीज गेली की टेबलाखालची बॅटरीची पेटी टीं टीं टीं करत रडायला लागायची आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “सुनंदा, पाह्य वं, तो रडून राह्यला!” पाच-सात मिनिटं तो रडायचा, मग मरायचा.

मी तेव्हा बी. ए. होऊन घरी बसले होते. वाचायला शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं होती, ती दोनदा वाचून झाली होती. त्यामुळे यंत्र माझ्या वाट्याला आलं. आणि यंत्रासोबत आली ती भाऊजींची वही.

वही कसली, बांधीव ग्रंथच होता. ‘घरगुती संगणक : शंभर सूचना’. वरती भाऊजींचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मोठ्या जाड अक्षरांत. पुढे कधीतरी रद्दीत एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवण्या हाती लागल्या आणि त्या शंभर सूचनांपैकी निदान ऐंशी मला तिथे जशाच्या तशा भेटल्या, छपाईच्या चुकांसकट. पण तेव्हा मला ती वही म्हणजे साक्षात विद्या वाटली होती, आणि खरं सांगायचं तर सूचना वाईट नव्हत्या. दर दहा मिनिटांनी लिहिलेलं जतन करा. चुकलं तर कंट्रोल आणि झेड एकदम दाबा, मागचं परत येतं. दुसऱ्याची फ्लॉपी तपासल्याशिवाय घालू नका. मराठी मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेताना त्या अक्षरांचा फाँटही फ्लॉपीवर सोबत न्या, नाहीतर तिकडे तुमच्या मराठीची चिमण्यांची पावलं होतील. शेवटी ‘उपयुक्त संकेतस्थळे’ अशी यादी होती: रेल्वेचं वेळापत्रक, परीक्षांचे निकाल, हवामान, शब्दकोश. टेलिफोनची तार यंत्राला जोडून मी दोनदा त्या जगात गेले. किर्र किर्र, घुईंघुईं असा आवाज करत ते इतका वेळ घ्यायचं की हवामानाचं पान उघडेपर्यंत बाहेरचं हवामान बदललेलं असायचं. दुसऱ्यांदा त्या पानावर आमच्या भागात ‘हलका पाऊस’ असं आलं. बाहेर आई वाळवणं उलटत होती, ऊन इतकं की पत्रा तडतडत होता.

वर्षातून दोनदा भाऊजी येत. आई रोडगे आणि वांग्याची भाजी करायची, नाहीतर फुणके-कढी. भाऊजी चवीने खात आणि खाता खाता आमची भाषा सुधारत. “‘मले’ नाही, ‘मला’. ‘काऊन’ नाही, ‘का’.” आई वाढताना म्हणायची, “जावईबापू, आनखी एक फुणका घ्या ना, लाजता काऊन?” भाऊजी हसून म्हणत, “घेतो, पण ‘का’ म्हणा.” आई फुणका ताटात टाकायची आणि पदराआडून मला म्हणायची, “खाऊन राह्यला आपल्या हातचं अन् तोंड धून राह्यला आपलंच.” बाबा मात्र जावयासमोर पुस्तकी मराठी बोलायला लागायचे. जिभेला चिमटा लावल्यासारखे ते शब्द निवडत. मला त्यांची लाज वाटायची. आपल्या वडिलांची लाज वाटते ही गोष्ट मी त्या वयात भाऊजींच्या खात्यावर टाकून मोकळी झाले होते. आणि मी स्वतः काय करत होते? घरात ‘मले’, भाऊजींसमोर ‘मला’, आणि ताईच्या पुण्यातल्या घरी गेल्यावर शक्यतो गप्प.

आमची आत्या, शेवंताबाई भालेराव, बाबांची मोठी बहीण, गावातच दोन गल्ल्या सोडून राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तीन एकर वावर तिने स्वतः कसलं, दिरांच्या नजरेखाली कसलं, आणि दिरांची नजर चांगली नव्हती. आत्या चौथी शिकलेली होती, सही करायची, बाकी वाचायला वेळ नाही म्हणायची. आमच्याकडे आली की उंबऱ्यावर बसायची, आत कधी नाही. यंत्र आलं त्या दिवशी तिने तिथूनच मान लांब करून पाहिलं आणि विचारलं, “हे काय देते?” बाबा म्हणाले, “माहिती देते, अक्का.” “मंग त्याले इचार, यंदा कापसाले भाव काय राह्यन.” बाबांनी झाकण घातलं.

त्या वर्षांत आमच्याकडे बीटी हा शब्द आला होता. त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता, पण बीटीला अळी लागत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. धामणगाव बढ्याच्या बाजारात त्याच्या पिशव्या टांगलेल्या असत. पिशवीवर चित्र: पांढऱ्या शुभ्र कापसात पांढरे शुभ्र कपडे घालून उभा असलेला हसरा शेतकरी. इतके स्वच्छ कपडे घालून वावरात येणारा माणूस आमच्याकडे फक्त मतं मागायला येतो. खऱ्या पिशव्या कोणत्या आणि कुणी कुठे घरात भरलेल्या कोणत्या, हे पेरल्याशिवाय कळत नसे, आणि पेरल्यावर कळून उपयोग नसे. आत्याने एका ओळखीच्या माणसाच्या सांगण्यावरून एका दुकानातून घेतलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छान वाढली. आत्याच्या डोक्याच्या वर गेली. पाते, म्हणजे कळ्या, आले आणि गळून गेले. पुन्हा आले, पुन्हा गळले. नवरात्रात शेजारच्या वावरात बोंडं धरली होती, आणि आत्याच्या तीन एकरांत नुसतं हिरवं रान उभं. गुरांनी खाल्लं असतं तर निदान दूध तरी मिळालं असतं, असं ती म्हणाली.

ती दुकानदाराकडे गेली. तो म्हणाला, तुझ्या जमिनीचा दोष. ती दुसऱ्यांदा गेली. त्याने तिला दुकानाच्या पायरीवरून उतरायला सांगितलं. तेव्हा कुणीतरी सांगितलं की तालुक्याला अशा तक्रारी बघणारी समिती असते. मुदतीत लेखी अर्ज दिला तर ती वावरात येते, झाडं बघते, बियाणं खोटं असेल तर तसं लिहून देते. अट एकच: समिती येईपर्यंत पीक उभं पाहिजे. उपटलं की पुरावा गेला.

ही अट तेव्हा मला साधी वाटली. तिचा अर्थ आत्याला पहिल्याच दिवशी कळला होता. पऱ्हाटी उभी ठेवायची म्हणजे हरभरा पेरायचा नाही. खरीप गेलंच होतं, आता रब्बीही त्या अर्जावर लावायची. आत्या उंबऱ्यावर बसली, लेबल लावलेली रिकामी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, “लिव वं सुनंदा. पन मी सांगतो तसंच लिव. तुह्या मनाचं नोको टाकू.”

मी यंत्र सुरू केलं. तिने सांगितलं आणि मी लिहिलं. तिचं सांगणं आणि माझं अर्जांचं वाचन यांची खिचडी झाली. ‘लेखी अर्ज सादर करते’ हे माझं, ‘दुकानदाराले विचारले’ हे तिचं. मध्ये मध्ये ती थांबवायची. “काय लिवलं? वाच.” मी ‘मला हाकलून दिले’ असं वाचलं की म्हणायची, “मी ‘मले’ म्हतलं. ‘मले’ लिव.” दुपारभर हे चाललं. ती समाधानाने उठली. “आता बराबर झालं. आता मीच बोलून राह्यली असं वाटते,” म्हणाली आणि वावरात गेली.

आणि मग मी भाऊजींना फोन लावला. का लावला? मला कुणाला तरी दाखवायचं होतं. मी एक पूर्ण अर्ज केला होता, समासासकट, परिच्छेदासकट. मी वाचून दाखवला. तिकडून हसू आलं.

“अगं, ‘मले’? ‘त्याले’? सरकारी अर्ज आहे हा, भारूड नाही. ऑफिसात हसतील सगळे.”

“आत्या म्हणाली तसंच लिही म्हणून.”

“आत्या अडाणी आहे. तू बी. ए. आहेस ना? सूचना क्रमांक सव्वीस काढ. शोधा आणि बदला. वरच्या चौकटीत ‘ले’, खालच्या चौकटीत ‘ला’. ‘सगळे बदला’ दाब. एका सेकंदात शुद्ध मराठी. आमच्या फील्डमध्ये हजार पानं अशी बदलतात.”

मी फोन ठेवला आणि सूचना क्रमांक सव्वीस काढली. त्याच क्षणी वीज गेली आणि टेबलाखालची पेटी रडायला लागली. मी वरच्या चौकटीत ‘ले’ घातलं, खालच्या चौकटीत ‘ला’ घातलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं की सदतीस ठिकाणी बदल झाला आहे. सदतीस! मला आठवतंय, मी मोठ्याने हसले. जतन केलं, फ्लॉपी काढली, बंद केलं. पेटी गप्प झाली. सदतीस गावंढळ शब्द एका झटक्यात धुऊन निघाल्याचा तो आनंद होता, आणि तो भाऊजींनी मला दिलेला नव्हता. तो माझा स्वतःचा होता.

इथे थोडं थांबून, ज्यांच्या घरी अजून कॉम्प्युटर आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवते, कारण शंभर सूचनांमध्ये हे वाक्य नव्हतं. ‘सगळे बदला’च्या अगदी शेजारी दुसरं एक बटण असतं. ते एकेक जागा दाखवतं आणि विचारतं, हे बदलू का? तेच दाबायचं. वेळ लागतो. वेळ लागणं हाच त्याचा गुण आहे. आता पन्नाशी दिसायला लागली, डोळ्यांवर दोन चष्मे आहेत, आणि माझ्या फोनमध्ये ‘मले’ लिहिलं की तो आपणहून ‘माल’ करतो, नाहीतर खाली लाल रेघ ओढतो. भाऊजी निवृत्त झाले. त्यांची नोकरी बहुतेक त्या रेघेला लागली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आत्या आणि मी तालुक्याला गेलो. फ्लॉपी मी स्टीलच्या छोट्या डब्यात घेतली होती, सोबत फाँटही. छापून देणाऱ्या दुकानदाराने विचारलं, “फाँट आणला का?” आणि मी “हो तर,” म्हणाले तेव्हा तो माझ्याकडे जरा आदराने बघतोय असं मला वाटलं. कागद गरम गरम बाहेर आला. मी समास पाहिला. अक्षरं किती ठसठशीत आली ते पाहिलं. वाचला नाही. वाचायचं काय, मीच तर लिहिला होता. आत्याने मी बोट ठेवलं तिथे जीभ दाताखाली धरून सही केली, ‘शेवंताबाई’, एवढीच. कचेरीत खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला, एक प्रत आमच्याकडे दिली. आत्याने ती चौघडी करून पिशवीत, पिशवी पदरात, पदर कमरेला. परतताना बसमध्ये तिने मला शेंगदाणे घेऊन दिले.

मग वाट पाहणं सुरू झालं. दिवाळी आली आणि गेली. आजूबाजूची वावरं मोकळी झाली, वखरली गेली, ओल होती तोवर हरभरा पडला. आत्याचं वावर मध्ये एखाद्या जंगलासारखं उभं. दीर येता-जाता विचारायचे, “काय वयनी, शोभेची लावली काय यंदा?” आत्या म्हणायची, “हाव. तुमच्या लग्नाले मांडव घालाचा हाय, पह्यल्या बायकोनं परवानगी देली का इचारून या.” पण घरी आली की उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघायची. “चिठ्ठी नाई आली?” रोज तोच प्रश्न. मी रोज म्हणायचे, “येईल, आत्या. कॉम्प्युटरवरचा अर्ज आहे.” हे वाक्य मी खरोखर म्हणत होते. मला ते अजून कानात ऐकू येतं आणि मला ज्या थोड्या लोकांना थोबाडीत मारावंसं वाटतं, त्यांत ती पोरगी पहिली आहे.

शेवटी आत्या म्हणाली, “ओल चालली. आता नाई पेरलं तं कवाच नाई. चाल, जाऊन इचारू.”

कचेरीत खिडकीतल्या माणसाने गठ्ठा काढला, चाळला. “भालेराव नावाचा अर्ज नाई.” आत्याने कमरेची प्रत काढून पुढे केली. त्याने शिक्का पाहिला, नंबर जुळवला, आमचा अर्ज बाहेर काढला आणि वाचायला लागला. दुसऱ्याच ओळीला त्याचे खांदे हलले. “अरे बावा, इकडे या बे,” त्याने मागच्या दोघांना हाक मारली आणि मोठ्याने वाचलं.

“‘मी, शेवंताबाई किसन भालाराव, लाखी अर्ज सादर करते की मी तीन एकरात बीटी कपाशीचे बियाणे पेरला. पिशवीवरचे लाबल सोबत जोडला आहे. मी खत दिला, पाणी दिला, निंदण केला. झाडे वाढला, पाते आला आणि गळून गेला. दुकानदाराला विचारला तर त्याने मला हाकलून दिला.’ मावशी, तुमी कुठल्या हो? तेलंगनातल्या का?”

ते तिघे हसले. शिपाई हसला. बाजूला उताऱ्यासाठी उभे असलेले दोघे हसले. मी कागद हातात घेतला. संपूर्ण अर्जात शुद्ध झाले होते ते एवढेच: ‘मला’, ‘दुकानदाराला’ आणि असे आणखी मोजके. बाकी जिथे जिथे ‘ले’ होतं, मग ते केलेलं असो, गेलेलं असो, लेखी असो की आत्याच्या नवऱ्याचं आडनाव असो, तिथे मी ‘ला’ बसवलं होतं.

“काऊन हासता?” आत्याने विचारलं. खिडकीतल्या माणसाला नव्हे, मला.

खिडकीतला माणूस वाईट नव्हता. हसू आवरून म्हणाला, “मावशी, साहेबाइनं अर्ज पाह्यला व्हता. सातबाऱ्याशी नाव लावून पाह्यलं. भालाराव नावाचं वावरच नाई गावात. मंग समिती कोनाच्या वावरात जाईन? म्हनून बाजूले ठेवला. मले वाटलं, तुमी येसान.”

तो ‘मले’ म्हणाला. मी तेव्हा पहिल्यांदा कान देऊन ऐकलं. तो ‘मले’ म्हणत होता, शिपाई ‘त्याले’ म्हणत होता, आतल्या दारातून साहेब कुणाला तरी “त्याइले बसू द्या” म्हणत होते. ज्या कचेरीत हसतील म्हणून मी सदतीस ‘ले’ काढून टाकले होते, त्या कचेरीत ‘ले’ला हसणारा एकही माणूस नव्हता.

“मंग आता दुरुस्त करा ना,” आत्या म्हणाली. “एक काना खोडा, वर मात्रा द्या. चौथीतलं पोट्टं करन.”

“हातानं लिवलं असतं तं केलं असतं. बाजूले तुमची सही घेतली असती, झालं. हे छापील हाय, मावशी. छापीलमंधी खाडाखोड चालत नाई.”

“नवा अर्ज देते,” मी म्हणाले.

“द्या. पन त्याच्यावर आजची तारीख पडन. मुदत सरली.” मग त्याला दया आली असावी. “एक रस्ता हाय. शपथपत्र करा. शेवंताबाई भालाराव ऊर्फ भालेराव, दोन्ही नावं माह्यीच, असं लिवून द्या. जुनी तारीख कायम राह्यन. आठ दिवसांत समिती येऊन पाह्यन. बाहीर वकील बसतात, अर्ध्या तासाचं काम हाय.”

माझा जीव भांड्यात पडला. मी वळलेसुद्धा. आत्या हलली नाही.

“माह्ये दीर टपूनच बसेल हायेत,” ती हळू म्हणाली, कुणाला असं नाही. “आज मी शपथेवर भालाराव झाली, तं उद्या कोर्टात उभे राह्यतीन ना ते. भालेरावाचं वावर भालारावाले कसं, म्हनतीन. अन् कागद दाखवतीन माह्याच सहीचा.” मग त्या माणसाला म्हणाली, “नाई जमत, दादा. वावर राह्यलं तं बियानं पुन्हा घेता येते.”

त्याने खांदे उडवले. आम्ही बाहेर आलो. बसमध्ये ती खिडकीशी बसली. बस सुटल्यावर म्हणाली, “तुनं बदललं?” मी मान हलवली. तिने पदर पुढे ओढला आणि तोंड खिडकीकडे केलं. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बाबांनी पुण्याला फोन लावला. ते जावयाशी नेहमी उभ्यानेच बोलत, तसे उभे राहिले, सगळं पुस्तकी मराठीत सांगितलं आणि रिसीव्हर माझ्याकडे दिला.

“कंट्रोल झेड का नाही दाबलंस?” भाऊजी म्हणाले. “सूचना क्रमांक तीन.”

“वीज गेली होती.”

“आल्यावर वाचून बघायचं ना. हे बघ, यंत्र सांगितलं तेवढंच करतं. ‘ले’ बदल म्हटलं, त्याने ‘ले’ बदललं. त्यात माझी सूचना कुठे चुकली?”

कुठेच चुकली नव्हती. हेच मला सहन होत नव्हतं. मी फोन ठेवला. बाबा म्हणाले, “जावईबापूंचं म्हणणं रास्त आहे.” आईने पोळपाटावर भाकर इतक्या जोरात थापली की ती फाटली. “‘रास्त’ कोन बोलते हो आपल्या घरी?” ती म्हणाली. “बहिनीचं पीक गेलं अन् तुमी रास्त करून राह्यले.” बाबा ओसरीवर जाऊन बसले. त्या दिवशी कुणी कुणाला जेवायला बोलावलं नाही.

सकाळी उठून मी आत्याच्या वावरात गेले. ती आधीच आली होती. बांधाकडच्या दोन ओळी मोकळ्या झाल्या होत्या. हाताला जुन्या लुगड्याची फडकी बांधून ती एकेक पऱ्हाटी उपटत होती आणि मागे टाकत होती. जो पुरावा तिने दीड महिना राखला होता त्याचा ढीग पडत होता. जमीन वरून सुकली होती, मुळं सुटत नव्हती. मी तिच्या शेजारच्या ओळीला लागले. पहिल्याच झाडाला तळहात सोलला. तिने बघितलं नाही. शेजारच्या वावरात हरभऱ्याची पहिली पानं वर आली होती.

आम्ही अर्ध्या ओळीपर्यंत आलो. मग मी म्हणाले, “आत्या, भाऊजींनी सांगतलं खरं. पन त्याइच्यासाठी नाई केलं. मलेच लाज वाटली व्हती.”

“कायची?”

“तुह्या बोलन्याची.”

तिने हातातलं झाड मागे टाकलं, कमरेवर हात ठेवून सरळ झाली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती आता रडेल, किंवा मला जवळ घेईल. पुस्तकांत तेव्हा असंच व्हायचं.

“वाटली तं वाटली,” ती म्हणाली. “आता वाकून बुडाखून धर. वरून धरलं तं तुटते. हं. वढ.”

मी ओढलं. झाड निघालं नाही.

“आनखी वढ,” ती म्हणाली आणि आपल्या ओळीत वाकली.